शिनोबुच्या गाडीचे नट

१२ ऑक्टोबर, रविवार
शिनोबु अजून किताकामीलाच, बहिणीकडे. ऑगस्टात, पितरांच्या ओबोन सणाच्या सुट्टीत गेली ती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मदतीला माणूस लागतं. शेजारच्या कुमागाई-सान आज कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या मेव्हणीला परवा किताकामीच्या बाजारात पाहिलं हो. जिना कसला चढत होती, मला मागे टाकलं!" गुडघ्याला व्यायाम लागतोच. कुमागाई-सान मुळ्याचं लोणचं घालतात. त्यांना ऑपरेशनमधलं काय कळणार?

शेड आवरली. शिनोबुच्या छोट्या गाडीचे बर्फाचे चारही टायर इथेच आहेत. म्हणजे बर्फ पडायच्या आत तिला योकोतेला यावंच लागणार. सरळ हिशेब आहे. मी काही वाट वगैरे बघत नाहीये.

संकल्प: यंदा तिचे टायर शास्त्रशुद्ध बदलायचे. आजवर मी पान्यावर उभा राहून नट आवळायचो. "अहो, चाक लावताय की गाडी जमिनीत पुरताय?" असं ती म्हणायची. एकदा बोल्ट तुटला, पण तो मुळातच कच्चा होता.

१९ ऑक्टोबर, रविवार
टॉर्क रेंच घेतला. तीन तास लागले. बायकोच्या गाडीचा प्रश्न आहे, घाई करून कसं चालेल?

एक काट्याचा होता, तो वाकून वाचावा लागतो. एक बॅटरीचा, तो पिपाणीसारखा वाजतो. मी तिसरा घेतला. हव्या त्या आकड्यावर दांडा फिरवून ठेवायचा, नट तेवढा आवळला गेला की हातात 'कट्' होतं. शिनोबुच्या गाडीला पंच्याऐंशी. दुकानातल्या मुलीने बजावलं, "कट् झालं की थांबायचं हं. खात्रीसाठी पुन्हा ओढायचं नाही." मी म्हटलं, पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं मीटर तपासतोय, मला कुठे थांबायचं ते कळतं.

शिनोबु रात्रीच्या जेवणाचं काय केलं विचारेल म्हणून फोन हातातच ठेवला होता. कामात असेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार
आकडा खरा की खोटा हे स्वतः तपासल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही. रेंचचं तोंड शिकंज्यात पकडलं, दांडा आडवा. मुठीला वजन टांगायचं. दांड्याची लांबी आणि वजन यांचा गुणाकार. हिशेबाने एकोणीस किलोला थोडं वर गेलं की कट् व्हायला हवं. अठरा लिटरचा रॉकेलचा कॅन भरलेला होताच, म्हणजे अठरा किलो. वर दीड किलोची बटाट्यांची पिशवी.

कट् झालं नाही. आणखी दोन बटाटे. नाही. रेंच सदोष!

दुकानावर जाण्याआधी शिनोबुला फोन केला. असल्या गोष्टी तिला माहीत असलेल्या बऱ्या. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रॉकेल पाण्यापेक्षा हलकं असतं."

हो, ते मला माहीतच होतं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तिने विचार केला. ज्या बाईला नवऱ्याशी देणंघेणं नाही ती रॉकेलच्या वजनाचा विचार करेल का?

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "टायरचं मी बघते." म्हणजे येते. लिहून ठेवतो: येते.

२६ ऑक्टोबर, रविवार
रॉकेल काढून पाणी भरलं. बटाटे तेच. कट्! अगदी बरोबर. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. घरात कुणी नव्हतं म्हणून वाजवल्या नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार
सराव हवा म्हणून कुमागाई-सानच्या छोट्या ट्रकचे टायर बदलून दिले. कट् झालं. खात्रीसाठी पुन्हा ओढलं. पुन्हा कट्. तिसऱ्यांदा जरा जोर लावला, तर बोल्टच हातात आला.

बोल्ट कच्चा होता.

कुमागाई-सान आधी हसल्या. "कानेसाका-सान, तुम्ही माणूस चांगले. पण जे बसलंय ते बसू द्यावं की! सारखं काय पिळायचं?" मग गॅरेजला फोन केला. संध्याकाळी धुरावर वाळवून लोणच्यात घातलेला मुळा दिला, वर टोमणा, "हा पिळू नका, नुसता खा." बाईंना विनोदाचं वेड आहे. मी हसलो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
डोंगरमाथे पांढरे झाले. शिनोबुला मेसेज केला: टायर तयार. उत्तर: पुढच्या रविवारी दुपारी येते.

अंगणात जॅकखाली ठेवायची फळी घासली. गादीला ऊन दाखवलं. ती मुक्कामाला राहिली तर, एवढंच.

२३ नोव्हेंबर, रविवार
ती आली. केस कापलेत. छान दिसतात. सांगायचं राहून गेलं.

गाडीला नवे टायर होते. बर्फाचे.

मी म्हटलं, कुणाकडून लावून घेतलेस? दुकानवाले घाईत असतात, ढिले ठेवतात. तपासतो. ती म्हणाली, "राहू द्या हो." मी ऐकलं नाही. रेंच पंच्याऐंशीवर लावला आणि वाकलो. नट बरोबर आवळलेला असेल तर तो जागचा हलत नाही, नुसतं कट् होतं. पहिला कट्. दुसरा कट्. एक चाक, दुसरं, तिसरं. ती अंगणात हात खिशात घालून उभी. सोळा नटांपैकी एकही केसभर हलला नाही.

मी म्हटलं, माणूस चांगला भेटला तुला. कुणी लावले?

"मीच लावले. ताईकडच्या भावजींचा पाना घेतला." मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, "सोपं असतं."

आत आली. बसली नाही. हिवाळ्याचा कोट घेतला, तिच्या आईचा फोटो घेतला. आतल्या खोलीत मी तयार ठेवलेली गादी दिसली असावी, कारण त्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. किताकामीत वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागलीय, एक खोलीही घेतलीय. मी म्हटलं, बहिणीचा गुडघा? ती म्हणाली, "ताईचा गुडघा केव्हाच बरा झाला. तुम्हालाही ते माहीत होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर काहीतरी बोलता आलं असतं.

मी म्हटलं, चहा तरी घे. म्हणाली, "घाटात चारनंतर रस्ता गोठतो." गाडी मागे घेताना तिने आरसा बघितला, मान वळवून बघितलं, हळूच वळली. पूर्वी मी मागे उभा राहून हात हलवायचो, येऊ दे, येऊ दे, बस. आजही उभा राहिलो. हात वर झाला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
रात्रभर पडलं. गुडघाभर बर्फ.

कामावर जायला गाडी काढली आणि फाटकातच घसरली. महिनाभर टॉर्क, टॉर्क केलं आणि स्वतःच्या गाडीला अजून उन्हाळ्याचे टायर. कुमागाई-सानने ट्रक थांबवला. दार उघडलं.

पुलापाशी सिग्नलला म्हणाल्या, "काल शिनोबु-सानची गाडी दिसली. आता कधी यायची?"

मी म्हटलं, "नाही यायची."

तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं. त्यांनी हीटर वाढवला. मी म्हटलं, गरम होतंय. तरी त्यांनी कमी केला नाही. ऑफिस येईपर्यंत दोघंही समोरच बघत होतो.