नऊ आणि बावीस

झरी, ता. परभणी
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धोधन,
जयभीम.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे तूर घरात आली, हरभरा सोंगायला आलाय. माझी चौथीची पोरं आता भागाकार चुकत नाहीत. फोनवर तू "आक्का, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

तू मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. रोहिणीच्या होणाऱ्या सासरी, ताडकळसला, माझ्या आजाराचं कळू द्यायचं नाही. आणि साखरपुड्याला मी काहीतरी निमित्त सांगून घरीच राहायचं. "रक्तातली गोष्ट हाय आक्का. पोरीचं जमलेलं मोडंल," म्हणालास.

तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते. आधी तपासणीचं सांगते, कारण ते तू ऐकूनच घेतलं नाहीस.

संभाजीनगरला दवाखान्यात मी एकटीच गेले. पालथं झोपवून कमरेच्या हाडात सुई घातली. बधिर केलं होतं, तरी आतला मगज ओढताना पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. तोंडातून शिवी निघाली. तीस वर्षं मास्तरीणकी करून! डॉक्टरीणबाई हसल्या.

त्या मगजातल्या पेशी वाढवतात आणि त्यांच्या गुणसूत्रांचे फोटो काढतात. रिपोर्टवर ती जोडीजोडीनं लावलेली होती, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी. नवव्या आणि बाविसाव्या जोडीतल्या एकेकानं आपापला तुकडा दुसऱ्याला देऊन टाकलेला. तेवढ्या अदलाबदलीनं पांढऱ्या पेशी वाढत सुटल्या आणि रक्ताचा कॅन्सर झाला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे आईकडून आलं का?"

"नाही. हा बदल तुमच्या जन्मानंतर, हाडाच्या मगजात झालाय. आईवडिलांकडून येत नाही, पुढच्या पिढीत जात नाही. आणि हाच बदल सापडला ते बरं झालं, याच्यावर गोळी आहे. रोज घ्यायची, चुकवायची नाही."

मी तिथंच रडले. आजारानं रडले असं तुला वाटेल. नाही.

एक्क्याण्णव साल आठवतं का तुला? तू आठ वर्षांचा होतास. आपली आई, गोजरबाई, पोट फुगून, रक्त आटून गेली, त्याला सहा महिने झाले होते. मानवतचे पाहुणे मला बघायला आले. पसंत पडले होते मी. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, "यांच्या रक्तातच खोट हाय." चहा तसाच ठेवून उठले ते. नंतर कुणी आलं नाही. तू विचारलंस, "आक्का, पाहुणे का गेले?" मी म्हणाले, "त्यांची बस होती."

आईला काय झालं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या हाडातला मगज कुणी तपासला नव्हता. पण ती खोट माझ्यात आहे, हे मी चौतीस वर्षं मानलं. लोकांपेक्षा मीच जास्त मानलं. पाळण्यात तुझी रोहिणी होती, तेव्हा तिला उचलून घ्यायलाही आधी भ्याले होते मी. हे कधी कुणाला सांगितलं नाही.

आता खरं काय ते ऐक. काल मी ताडकळसला गेले होते. आधी रोहिणीला विचारलं, लग्न तिचं आहे. ती म्हणाली, "आत्या, थांब, गाडी काढते." तिच्यावर रागावू नकोस.

दत्तराव आणि सत्यशीलाबाई, तुझे होणारे व्याही, दोघंही घरी होते. मी रिपोर्ट पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. सत्यशीलाबाईंनी विचारलं, "आमच्या नातवंडांला व्हईल का?"

"न्हाई."

"मंग लपवायलते कामून?"

रोहिणीच म्हणाली, "पप्पांला भ्याव वाटलं."

दत्तरावांनी कागद घडी घालून परत दिला. "कळवतो," एवढंच म्हणाले. येताना रोहिणी रडत रडत गाडी चालवत होती. मला वाटलं, मोडलं, आणि माझ्यामुळं मोडलं. तरी आज पुन्हा वेळ आली, तर मी पुन्हा जाईन.

सकाळी सत्यशीलाबाईंचा फोन आला. "बाई, साखरपुडा ठरल्या दिवशीच हाय. पर तुमी न्हाई आलात, तर आमी बी येनार न्हाई." त्यांचे दीर व्यंकटराव मात्र येणार नाहीत म्हणे. नाही तर नाही.

सिद्धोधन, मी येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. कुणी विचारलं, तर आजाराचं नाव घेऊन सांगणार आहे. कुजबुजलं, तर मोठ्यानं सांगणार आहे. तुला लाज वाटली, तर तू मागं बस. पण माझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवू नकोस.

तुला लहानाचा मोठा केलेली, आणि अजून बरीच वर्षं जगणार असलेली,
तुझी आक्का
धम्मशीला