उबेची जागा

प्रिय हाक्चोल,

हे पत्र तुझ्याआधी जे वाचतील त्यांनाही माझा नमस्कार. मी धडधाकट आहे, काळजी करू नकोस.

वसंतात तुझे बाबा गेले तेव्हा तुला रजा मिळाली नाही. थंडी पडल्यावर त्यांची चुलीजवळची, खालून धगीनं तापणारी, सगळ्यात उबदार निजायची जागा माझ्या वाट्याला आली. तिथेच रजईखाली रोज तुझा भाताचा वाडगा झाकून ठेवायचे. शेजारची ओकबुन हसायची, "अगं, सात वर्षं वाढतेस, तो काय वासावर येणार आहे?" तिला बोलायला काय जातं, तिचे तिघेही घरीच!

गेल्या महिन्यात सरसेनापती इथली छावणी बघायला आले आणि जाता जाता आपल्याच घरात शिरले. बूट काढून थेट बाबांच्या जागी बसले. सोबतचे अधिकारी वह्या घेऊन भिंतीला चिकटून उभे, शेजारी टेकायला कुणी धजेना. मला सरसेनापतींची कीवच आली. असं लिहिणं चूक असेल तर खोडावं. गुडघ्याला वाडगा लागला तसं त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "लेकाचा. तुमच्याच फौजेत आहे. तुम्ही खा ना, गरम आहे." त्यांनी चमचा उचललासुद्धा. एक अधिकारी पुढे सरकला, तसा मुकाट्यानं खाली ठेवला. मग म्हणाले, "आई, हा भात निवायच्या आत तुमचा मुलगा घरी येईल." सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्या जागेभोवती लाल दोरी आली, वाडग्यावर काच आणि भिंतीवर दगडी पाटी, सोनेरी अक्षरांत तेच वाक्य. जागा गार होता कामा नये, म्हणून दिवसभर चुलीत लाकडं घालते आणि दाराशी, गार जमिनीवर निजते. शाळेची मुलं रांगेनं येऊन नमस्कार करून जातात. ओकबुन आता मला "अहो" म्हणते, उंबऱ्यावरूनच परत फिरते. फार एकटं वाटतं रे.

पत्राचं कारण एवढंच. त्या वाक्याची नक्कल सोबत जोडली आहे, ती तुझ्या साहेबांना दाखव. सरसेनापतींचा शब्द आहे, दगडावर कोरलेला. तो खोटा पाडायची छाती कुणाची आहे? भात मी अजून निवू दिलेला नाही. तू ये. दोरीच्या अलीकडे बसू दोघं, गार तर गार.

वाट बघणारी,
तुझीच आई