दुसरा साक्षीदार

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. गॅस आठवणीने बंद करा. मी ताईकडे झोपायला चाललेय.

तुमच्या गोळ्या आणायला खाली गेले, तर औषधवाले म्हणाले, "वहिनी, परवा साहेबांच्या नव्या मृत्युपत्रावर मीच साक्षीदार. तुम्ही दिसला नाहीत? तुमचे दीर आले होते, पण वकीलबाईंनी त्यांना सही करू दिली नाही, बाहेर बसवलं." मी हसून वेळ मारून नेली.

वकीलबाईंचा नियम माझ्याही लक्षात आहे. ज्याला मिळणार, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. म्हणजे घर भाऊजींना!

दोघांचं मिळून एकच करा, मग एकट्याला गुपचूप बदलता येणार नाही, असं बाई पहिल्या मृत्युपत्रांच्या वेळी सांगत होत्या. तुम्ही म्हणालात, "आमचा विश्वास आहे एकमेकांवर, वेगवेगळीच करू." तुमच्यात सगळं मला, माझ्यात सगळं तुम्हाला. केवढी फुशारले होते मी!

उद्या सकाळी मीही माझं बदलतेय. साक्षीदार दोन लागतात. औषधवाले येतो म्हणालेत. दुसरी सही तुम्ही करा.

आता तुम्हाला चालतं.