निळी टोपी खुंटीला

प्रिय मृणालबाय,

सगळ्यांत आधी आली ती शहनाजची काठी. मग शहनाज, आणि तिच्यामागून गोड सांदणांचा डबा दोन्ही हातांत धरून तिची नात काशिफा. मी अंगणात सुकट उलटत बसले होते, केस विंचरलेले नाहीत, पायरीवर मांजर टपलेलं. शहनाज फाटकातूनच ओरडली, काय गे रंगू, जिती हायस का मेलीस, तुझी काय खबरच न्हाय! मी म्हटलं, मेले असते तर पहिला सांगावा तुलाच धाडला असता, रडायला तुझ्याइतकं मोठ्याने कोण रडतंय? गुडघे दुखतात म्हणत मुरुडवरून आगरदांड्यापर्यंत रिक्षाने आली, पण तोंड काही दुखत नाही हो तिचं. मला एवढा आनंद झाला की चहात साखर दोनदा घातली.

माझं अक्षर चौथीतलं, तेव्हा सावकाश वाच. फोन केला असता, पण ‘आजी, मी मिटिंगमध्ये आहे’ म्हणून तू ठेवून देतेस. कागदाला तसं सांगता येत नाही.

शहनाज आली की शेडच्या गोष्टी निघतातच. खाडीपलीकडे कोळंबी सोलायची शेड होती, आम्ही बायका लाँचने जायचो, एवढं तुला ठाऊक आहे. शहनाज आधी माझ्या शेजारीच बसून सोलायची. मग मालकाने तिला मुकादम केलं. आमच्या टोप्या पांढऱ्या, तिला निळी. आणि या बयेने पहिल्याच आठवड्यात माझी सोललेल्या मालाची पाटी सगळ्यांसमोर परत केली, कोळंबीतला काळा दोरा नीट काढला नाही म्हणून! बायका माना वर करून बघायला लागल्या, तुटलं आता दोघींचं. सुट्टी झाली. शहनाजने टोपी दाराजवळच्या खुंटीला अडकवली, लाँचवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि सरळ माझ्या डब्यात हात घातला. मी म्हटलं, सटवे, माझी पाटी परत करतेस आणि वर माझंच वांगं खातेस? तर म्हणते कशी, पाटी टोपीने परत केली, तिला विचार, ती तिकडे खुंटीवर हाय. सगळी लाँच हसली गं, लाँच हाकणारा तांडेलसुद्धा.

तेव्हापासून रिवाजच पडला. टोपी डोक्यावर असली की तिने मला बोलायचं, खुंटीला गेली की मी तिला. तरी बायका कुजबुजायच्याच, रंगूची पाटी शहनाज डोळे मिटून घेते. मग शहनाजने माझी पाटी तपासायला केसरला बसवलं. केसरचं नि माझं नळावरचं भांडण, ती मला कसली सोडते! तिने घेतलेल्या पाटीवर कोण बोट ठेवणार? पण डबा मात्र शहनाजने कधी वेगळा काढला नाही.

हे सगळं काशिफा ऐकत होती, हसत नव्हती. एरवी किती बडबडी पोर. तुम्ही दोघी शाळेला एका एसटीने, नोकरीलाही एकाच हापिसात. तू तिची साहेब झालीस तेव्हा मी पेढे वाटले आणि शहनाजनेही तिच्या आळीत वाटले. म्हणून मी सहज विचारलं, आमची साहेब कशी आहे गं? तर पोरीचे डोळे भरले. म्हणाली, आजी, मृणालने सगळ्यांसमोर माझी चूक काढली, ती चूक होतीच, त्याचं मला काय नाय. पण दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन केबिनमध्ये एकटी बसते, आणि मला काशिफा मॅडम म्हणते. शहनाज म्हणाली, या अल्ला, मॅडम! आणि एवढी हसली की कवळी हातात धरावी लागली. मग कवळी बसवून तिनेच सांगितलं. काशिफाच्या मामूने दुबईत नोकरी बघितली आहे. सोमवारी जवाब द्यायचा आहे. जायचं मन आहे का, काशिफाला विचारलं, तर म्हणे, इथे कोणासाठी राहू?

बाय, तुझंही मला कळतं. मैत्रिणीला वर काढते असं लोक म्हणतील, ही भीती तुला असणार. तर काम तपासायला तूही एखादी केसर बघ की! टोपी घालू नको असं मी कुठे म्हणते? फक्त जेवताना खुंटीला ठेव.

काशिफाला मी काही कबूल केलेलं नाही, तुला लिहिणार हेही सांगितलं नाही. शेजारचा हरेश्वर उद्या नारळ घेऊन तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती ही चिठ्ठी आणि चार सांदणं देते. ती मी बाजूला काढलेली नाहीत हो. जायच्या वेळी काशिफानेच झाकून ठेवली, मृणालला दुसऱ्या दिवशीची शिळी आवडतात म्हणाली. शनिवारची पनवेलवरून सुटणारी एसटी धर. मी चार ताटं मांडणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. शहनाज नि काशिफा पुन्हा जेवायला येतो म्हणून सांगून गेल्यात, येत्या रविवारी.

तुझी वाट बघणारी, तुझीच
रंगूआजी