विहिरीचा दगड

रविवार, १२ एप्रिल. संध्याकाळ.

व्हिसा आला. म्हणजे जूनमध्ये सॅन दिएगोला जायचं, सुट्टीभर समुद्रावरच्या दुकानात सर्फिंगच्या फळ्या भाड्यानं द्यायच्या, हे आता नक्की. नोकरीच्या मुलाखतीत दुकानाच्या बाईंनी विचारलं होतं, पोहता येतं का? मी लगेच हो म्हणाले. खोटं नव्हतंच ते. आमच्या आळे गावातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेय मी. पण समुद्र? अलिबागला गुडघाभर पाण्यात उभी राहिले होते, तेवढाच.

मघाशी आण्णा पाहुण्यांना सांगत होते, "आमची पोरगी मासोळीवानी पवती राव."

म्हणून उन्हं उतरल्यावर विहिरीत उतरले. ठरवलं, दगडाला हात लावायचा नाही, नुसतं मधोमध पोहत राहायचं. एवढं तर जमेल ना? दम लागायच्या आधीच हात आपोआप भिंतीच्या दगडाला जाऊन चिकटला. सोडला, तर परत चिकटला. समुद्रात कशाला चिकटणार तो?

वरून आई म्हणाली, "पुरं की आता. तिथं समुद्रच हाय तुला."

मी दगड धरूनच होते.