भोक न पाडलेला कॅन

३ नोव्हें., सोम

लॅबमधला तिसरा आठवडा. अजून टिकलोय. चाकणला अडीच महिने, वापीला दीड. बघू.

काम तेच. बाटल्या धुणे, लेबलं लावणे, मॅडम सांगतील ते उचलून देणे. नवीन माल आलाय, आयोनिक लिक्विड. म्हणजे मीठच, पण पातळ, असं मॅडम म्हणाल्या. मीठ पातळ कसं, ते विचारायचं राहिलं. दिसायला काकवीसारखं, फक्त फिकट. वास शून्य. कंपनीत येताना कुंभवलीच्या नाक्यावर उतरलं की आधी नाक सांगतं आज कुठं काय शिजतंय, आणि ह्याला काहीच नाही. पेटत नाही, वाफ होत नाही. मी म्हटलं, मग चांगलंच की. मॅडम म्हणाल्या, "चांगलं कोणासाठी? हातमोजे घाल आधी."

सोळा पानांचा सुरक्षेचा कागद दिला वाचायला. इंग्रजी. सही केली. शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी होती, तिथं मी राहतो त्या घिवलीची होडी काढली. बरी आली. डोलकाठी जरा वाकडी.

६ नोव्हें., गुरु

त्या मालाचे पाच कॅन रिकामे झाले. वीस लिटरचे, पांढरे, जाड प्लास्टिक. नियम असा: तीन पाण्यांनी विसळायचे. विसळलेलं पाणी सिंकमध्ये नाही, वेगळ्या ड्रममध्ये. मग लेबल काढायचं, ड्रिलनं बुडाला भोक पाडायचं आणि मागच्या पिंजऱ्यात टाकायचे. तिथून कचऱ्याची गाडी नेते. भोक कशाला, तर कोणी परत वापरू नये. रामविलास (माझ्यासोबत धुलाईला असतो) म्हणाला, "हमारे गाँव में ऐसा डिब्बा मिले तो लोग बेटी की शादी में दे दें."

चार झाले. पाचव्याचं दुसरं पाणी ओतलं आणि बाहेर आरडाओरडा. पाइपांच्या रॅकवर घोरपड! सगळे पळाले. मीही. केवढी होती. शेपटीच हातभर. सिक्युरिटीवाला काठी घेऊन आला आणि तीच त्याच्याकडं अशी बघत राहिली की तोच मागं सरकला. जाम हसलो.

परत आलो तर सुटायला दहा मिनिटं. ड्रिल लावलं बुडाला, आणि काढून घेतलं. एवढा चांगला कॅन.

गेटवर कोणी विचारलं नाही. इथलं पाणी कोणी पीत नाही, सगळे घरून कॅन आणतात, रिकामा परत नेतात. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो.

७ नोव्हें., शुक्र

कॅन हिरूमावशीला दिला. तीन आठवडे तिच्या पडवीतल्या खोलीत राहतोय, जेवायची वेळ झाली की ताट आपोआप येतं. काहीतरी द्यावं असं कधीचं मनात होतं.

तिनं झाकण उघडलं, डोळे मिटले, नाक आत. बोईसरच्या भंगारवाल्याकडून ड्रम घेताना पण असंच करते. एकाला लसणीचा वास होता, एकाला नेलपॉलिशचा, दोन्ही परत केले म्हणे. इथं सगळेच असं करतात. "ह्याला वासच नाय. कुटला हाय?"

"कंपनीतला. धुतलाय."

"नाकाला नाय लागत तं चांगलाच हाय."

तिचा मुलगा नितेश जाळं शिवत होता. "बग आये, जालन्याचा मानूस. दर्या बगाया आला न् बोटीला सामान द्याया लागला."

संध्याकाळी सुरमई. मोठा तुकडा मला.

९ नोव्हें., रवि

नितेशची बोट गेली. चौघं: तो, त्याचा काका, दोन खलाशी. चार-पाच दिवसांनी येतील. प्यायचं पाणी निळ्या ड्रममध्ये आणि माझ्या कॅनमध्ये. मीच खांद्यावरून नेला, मांडीपर्यंत पाण्यातून. मला पण ने म्हटलं. "उलट्या करशील रे. पुडच्या खेपेला." नक्की? "नक्की. तवर पोहायला शिक."

शिकणार.

१० नोव्हें., सोम

रामविलासचा हात. गुरुवारी त्या मालाचा थेंब मोज्याच्या आत गेला होता. जळजळ नाही, वास नाही, म्हणून त्यानं धुतलाच नाही. आज कातडी लाल, सोलल्यासारखी. मॅडम भडकल्या. सगळ्यांना बसवून तो सोळा पानांचा कागद मराठीत सांगितला. कातडीला, डोळ्यांना त्रास. पाण्यातल्या जिवांना घातक. गिळलं तर विषारी. उडून जात नाही, म्हणजे जिथं पडलं तिथंच राहतं. पाण्यात विरघळतं.

मी विचारलं, दोनच पाण्यांनी धुतलं तर?

"मग तीन कशाला सांगितलंय?"

नाही, सहज.

"आणि झाकण वेगळं धुवायचं. दाट असतं ते, आट्यांमध्ये बसतं."

झाकण मी धुतलंच नव्हतं. पाणी ओतलं, झाकण बाजूला होतं, घोरपड, परत आलो, लावलं.

नितेशला फोन. कव्हरेजच्या बाहेर. जेवणाच्या सुट्टीत परत. सुटल्यावर परत.

मावशीनं बोंबलाचं कालवण वाढलं. आता सांगू, हा घास झाला की सांगू. जेवलो. पोटभर जेवलो.

११ नोव्हें., मंगळ

कामावर गेलो नाही. बॅग भरून बोईसरच्या एसटी स्टँडवर. असंच करत आलोय आजवर. चाकणला मशीन बिघडलं माझ्या हातून, मी चहा प्यायला बाहेर पडलो तो परत गेलोच नाही.

नाशिकच्या गाडीत बसलो. खिडकी पण मिळाली. एक बाई कोंबडी पिशवीत घालून चढली, कोंबडीचं फक्त डोकं बाहेर, ती सगळ्यांची तिकिटं तपासल्यासारखी बघत होती. मला हसू आलं. आत्ता बोटीवर कोणीतरी पाणी पीत असेल. चमचाभर राहिलं असेल का? दोन चमचे? वीस लिटरमध्ये? चौघांत? की आधी ड्रममधलं पितायत आणि कॅन अजून बंदच आहे?

कंडक्टर म्हणाला, कुठं? मी बॅग मांडीवर ओढली. "अरे, कुठं जायचंय?" उतरलो.

उतरलो, पण सांगितलं आजही नाही. हे लिहून ठेवतो.

१२ नोव्हें., बुध

सांगितलं. सकाळी, मावशी ओट्यावर बोंबील उलटत होती तिथंच. सगळं. धुणं, झाकण, भोक.

मला वाटलं मारेल. तिनं हात पदराला पुसले आणि सरळ बंदरावर, मी मागं. एका मोठ्या बोटीवर वायरलेस आहे, त्यावरून समुद्रातल्या बोटींना सांगायला लावलं: नितेशची बोट दिसली तर सांगा, पांढऱ्या कॅनचं पाणी पिऊ नका, कोणाच्या पोटात दुखत असेल तर लगेच माघारी फिरा. त्या बोटीचा तांडेल, म्हणजे चालवणारा, म्हणाला, "काय होतं गं त्यात?" मावशी म्हणाली, "ह्यालाच इचार."

परत येताना: "तुला कदी कललं?"

सोमवारी.

"आज बुदवार हाय."

हो.

घरी आलो. ताट आलं. नेहमीसारखं वाढलेलं. ती समोर बसली नाही.

१३ नोव्हें., गुरु

मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. "रजिस्टरला पाच कॅन नष्ट केले म्हणून लिहिलंय, खाली माझी सही आहे. पिंजऱ्यात जाऊन मोजले नव्हते मी."

मग म्हणाल्या, "भोक का नाही पाडलंस?"

कॅन चांगला होता.

त्यांनी ओळखीच्या डॉक्टरला फोन केला. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत रसायनाचं नाव लिहिलं, सुरक्षेचा कागद पाकिटात घातला. जबरदस्तीनं उलटी काढायची नाही. तोंड धुवायचं. कोणी झोपून असेल, बोलता येत नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल, आणि हे पाकीट आधी द्यायचं. नाहीतर डॉक्टरला कळणार कसं?

मी विचारलं, काय होईल? किती गेलं असेल पोटात?

"मला माहीत नाही. खोटं काय सांगू?" मग: "उद्या येऊ नकोस, बंदरावर थांब. साहेबांना मी सांगते. तुझं-माझं काय व्हायचं ते होईल."

संध्याकाळी मोठ्या बोटीच्या वायरलेसवर निरोप: समुद्रातल्या एका बोटीला काल दुपारी दिसले, लांबून ओरडून सांगितलं, त्यांनी हात वर केला. किती जण होते बोटीवर? ते नाही बघितलं. त्यांना ऐकू गेलं का? हात तर केला.

हात तर आम्ही बंदरावरून पण करतो, नुसताच.

१४ नोव्हें., शुक्र

सकाळची भरती. बंदरावर बसून लिहितोय. हाताला काहीतरी हवं. पाकीट शर्टाच्या आत. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलंय, तो विचारतोय कोण आजारी आहे, मी म्हणतो माहीत नाही, तो वेड्यासारखा बघतोय. मावशीनं चहाचा अर्धा ग्लास माझ्या बाजूला ठेवला.

साडेआठ. बोट दिसली. म्हणजे मावशीला दिसली, मला ठिपका. चालीवरून ओळखते ती.

आता माणसं दिसतायत. पुढं एक उभा, मध्ये दोघं. तिघं. परत मोजले. तिघं.

"चवथा इंजिनापाशी बसला असंल," मावशी म्हणाली. बुधवारपासून पहिल्यांदा बोलली.

त्यात नितेश कोणता?

ती कपाळावर हात धरून बघत राहिली.

"समजत नाय. ऊन डोल्यावर येतं."

ऊन तर आमच्या पाठीला आहे.

दोर धरायला हाका मारतायत. जातो.