'स्वयंभू'मध्ये कुणी शिकवत नाही

३ जून, सकाळी ६.४०
आजपासून ही वही. कुणी वाचावी म्हणून नाही. मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे कुणाला तरी सापडतातच, तो भाग वेगळा.

दहा वाजता केंद्र उघडणार. नाव 'स्वयंभू'. लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या आणि एक गॅलरी. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते. बायको म्हणाली, नाव देवळाचं वाटतं. ती बावीस वर्षं साध्या शाळेत शिकवते आहे. तिच्याकडून कल्पकतेची अपेक्षा करणं म्हणजे रेड्याखाली चरवी धरून बसणं.

नियम भिंतीवर लावले. घंटा नाही. वेळापत्रक नाही. परीक्षा नाही. आणि मुख्य म्हणजे, इथे कुणी कुणाला शिकवणार नाही. मूल आपोआप शिकतं. मी फक्त वातावरण.

३ जून, दुपारी ४
अकरा मुलं येणार होती, सात आली. चौघांच्या पालकांनी ऐनवेळी कच खाल्ली. मेंढरं. जातील परत खुराड्यात.

स्वागताचं भाषण वीस मिनिटांचं ठरवलं होतं, दीड तास झालं. मुलं तल्लीन. दोघं तर डोळे मिटून ऐकत होती. मला 'सर' म्हणायचं नाही, 'मित्रा' म्हणायचं, असं जाहीर केलं. मुलं 'अहो' म्हणतात.

५ जून
नऊ वर्षांची एक मुलगी आहे, तिला मी 'प्रश्नचिन्ह' म्हणतो. तिने विचारलं, शिकवायचंच नाही तर तुम्ही एवढं बोलता कशाला? शाळेने पार बिघडवलेलं मूल. सहा महिने लागतील.

उलट ती पंधरा वर्षांची. खिडकीशी बसते, अवाक्षर काढत नाही. तिला 'तपस्विनी' नाव दिलंय. आई नर्स आहे, ड्यूटीवर जाता जाता तिला सोडते. पहिल्या दिवशी सांगायला लागली की वर्षापूर्वी शाळेत काहीतरी झालं आणि तेव्हापासून मुलगी अशी. मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, 'स्वयंभू'मध्ये भूतकाळ विचारत नाहीत. बाई बघतच राहिली. प्रभावित.

तपस्विनीला माझा 'मुक्त अध्ययनाची मीमांसा' हा शेहेचाळीस पानी प्रबंध वाचायला दिला. पहिल्या पानावर दोन तास होती. अठरा वर्षं नोकरी केली त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हाच प्रबंध लोक दहा मिनिटांत परत करायचे. ती शाळा मी सोडली. (शाळेचं म्हणणं थोडं वेगळं आहे.)

१२ जून
फळ्या कोसळल्या. पुस्तकांसकट. मीच ठोकल्या होत्या, पण भिंत नालायक.

लॉन्ड्रीवाल्याने त्याच्या ओळखीचे एक म्हातारे सुतार पाठवले. चौथी नापास. मी 'एकाग्रता' या विषयावर बोलत होतो आणि यांचं पलीकडे खर्र खर्र. एकेक मूल सटकलं. शेवटी समोर फक्त तपस्विनी. मग तीही उठली.

निश्चय : सुतार उद्या संध्याकाळपर्यंत गेलाच पाहिजे.

१९ जून
सुतार आहे. मुलांना आता बाकं करायची आहेत. स्वतः. तो त्यांना करवतीचा कोन दाखवतो, माप कसं घ्यायचं ते सांगतो. म्हणजे सरळ सरळ शिकवतो! नियमाकडे बोट दाखवलं. म्हणाला, मी कुठे शिकवतो, ती विचारतात, मी सांगतो. अडाण्याशी काय वाद घालायचा?

पण आनंदाची गोष्ट. प्रश्नचिन्हाने आज मला सांगितलं की पाऊण म्हणजेच सहा अष्टमांश, कारण फळी तेवढीच असते. अपूर्णांक! आपोआप! अहवालात नोंद केली : 'मुक्त वातावरणाचा परिणाम.' सुताराचा उल्लेख आवश्यक वाटला नाही.

२७ जून
किल्ल्या घरी विसरलो. बायको शाळा सुटल्यावर द्यायला आली आणि तीन तास थांबली. घरी आल्यावर म्हणाली, त्या मोठ्या मुलीला वाचता येत नाही.

मी हसलो. सांगितलं की तिने माझा प्रबंध दोनदा वाचलाय. बायको म्हणाली, ती पानं उलटते, पण तिचे डोळे ओळीवरून सरकत नाहीत. तिला अक्षरं नाचताना दिसत असणार, असं मूल मी आधी पाहिलंय. हुशार आहे, पण रोज हळूहळू शिकवावं लागेल.

रोग शोधणं हाच शाळांचा रोग, हे मी अर्धा तास समजावलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन! या बाईबरोबर मी संसार केला.

रोज दुपारी गॅलरीत तासभर त्या मुलीबरोबर बसू दे, म्हणाली. 'निरीक्षक' म्हणून परवानगी दिली. माझं मन मोठं आहे.

४ जुलै
जिन्यात कानावर आलं की मुलं मला पाठीमागे 'भाषणकाका' म्हणतात. विचार केला. 'काका' या शब्दात जिव्हाळा आहे.

निश्चय : यापुढे दहा मिनिटांहून जास्त बोलायचं नाही. स्वयंपाकघरातला टायमर नेला.

५ जुलै
टायमर ऐन मुद्द्यावर वाजला. बंद केला. पाऊण तास. उद्यापासून नक्की.

११ जुलै
'बालसभा' स्थापन केली. केंद्राचे सर्व निर्णय मुलं घेतील, मी ते निमूट मानीन. असं धाडस जगात किती जणांनी केलं असेल? पालकांना पत्रं पाठवली.

सभेचा पहिला ठराव : टायमर प्रश्नचिन्हाच्या ताब्यात. पोरकटपणा. पण मानला.

२० जुलै
पुढच्या शनिवारी पालकभेट. बाकं तयार आहेत, एकही डुगडुगत नाही. मी स्वतः बसून पाहिलं.

मुख्य कार्यक्रम माझ्या डोक्यात पक्का आहे. तपस्विनी सगळ्यांसमोर उभी राहून प्रबंधाचं पहिलं पान वाचेल. जी मुलगी वर्षभर बोलली नाही, ती माझे शब्द उच्चारेल. पालकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

बायकोला सांगितलं. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "असं करू नकोस. तिला आत्ता कुठे जोडाक्षरं जमायला लागलीत. मोडेल ती."

तुम्हा शाळावाल्यांना मुलांवर विश्वासच ठेवता येत नाही, असं मी सुनावलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. भारावली.

घरात दोन दिवस शांतता आहे. लिखाणाला बरं.

२७ जुलै, दुपारी ३
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

तेरा पालक. माझी प्रस्तावना छान रंगली होती, तेवढ्यात टायमर वाजला. मग तपस्विनीला पुढे बोलावलं. तिने पान हातात घेतलं. मिनिटभर ती नुसती पानाकडे बघत राहिली. मागे कुणीतरी पायावरचा पाय बदलला. तिची आई ड्यूटीच्या कपड्यांतच दाराशी उभी होती, ती पुढे यायला निघाली. बायकोने तिचा हात धरला.

मग मुलगी बोलली. आवाज जाडसर, न वापरलेला.

"मला वाचता येत नाही. शिकतेय. वेळ लागेल. थांबाल का?"

कुणी 'हो' म्हणालं नाही, पण कुणी हललंही नाही. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. 'अंतःस्फूर्त चैतन्याच्या निरालंब आविष्कारास बाह्य साच्याची अपेक्षा नसते.' एवढं एकच वाक्य. 'अंतःस्फूर्त'वर तीनदा अडकली, तीनदा मागे गेली. चार मिनिटं लागली. प्रश्नचिन्ह मोजत होती. वाक्य संपलं तेव्हा तिने कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळली.

"याचा अर्थ काय?"

मी समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे काय? मी उदाहरण दिलं. रोपट्याचं. ती म्हणाली, रोपट्याला पाणी कोण घालतं? मी तोंड उघडलं. तेरा पालक, सात मुलं, एक सुतार, एक बायको. काही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

प्रश्नचिन्ह मदतीला आली. म्हणाली, म्हणजे मुलं आपोआप शिकतात, असं असेल.

तपस्विनीने पुन्हा एकदा ओळीकडे पाहिलं. "मी आपोआप नाही शिकले," ती म्हणाली. "बाईंनी शिकवलं."

आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. तिची आई पुढे आली. मला वाटलं माझ्याशी बोलेल. तिने फक्त ते पान मुलीच्या हातातून घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात ठेवलं.

२७ जुलै, संध्याकाळी ७
पंख्याचा आवाज फार होता. वाक्य संदर्भाशिवाय वाचलं गेलं. शिवाय मराठी पालकांची वैचारिक झेप ती किती.

बायकोने आत्ता सांगितलं, वर्षापूर्वी शाळेत काय झालं होतं ते. शिक्षकांनी त्या मुलीला वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं होतं. तिला येईना. अख्खा वर्ग हसला. मास्तरही.

हे मला आधी कुणी सांगायला नको?

तिची आई सांगत होती. मीच हात वर केला होता.

आज इतकंच.

२९ जुलै
बालसभा. मला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. खालची वाफ त्या खोलीत जास्त येते. तासाभराने प्रश्नचिन्ह कागद घेऊन आली आणि खणखणीत आवाजात ठराव वाचले.

एक : न शिकवण्याचा नियम रद्द. दोन : सुतारकाका आठवड्यातून तीन दिवस. तीन : बाई रोज दुपारी, सगळ्यांना. (बायकोने आधीच होकार दिलाय. मला विचारण्याची पद्धत नाही.) चार : मला काढायचं नाही. यावर फार वेळ गेला म्हणे. चार विरुद्ध तीन.

पाच : माझं काम. रोज अर्धा तास तपस्विनीचं वाचन ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही. हा ठराव तिचा स्वतःचा. तिने सभेत सांगितलं की माझ्यासमोर वाचता आलं तर तिला कुणासमोरही वाचता येईल. हे कौतुक आहे का, असं मी विचारलं. प्रश्नचिन्ह म्हणाली, माहीत नाही.

सर्व निर्णय निमूट मानीन, असं पत्रात लिहिलं होतं. पत्र पालकांकडे आहे.

३० जुलै
अकरा मिनिटं गप्प बसलो. मग एक उच्चार सुधारला. तिने बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सॉरी म्हटलं. तेही बोलणंच, असं तिचं मत.

२ ऑगस्ट
पूर्ण अर्धा तास. एकही शब्द नाही. बायकोच्या कपाटातलं कुठल्याशा खलाशाच्या गोष्टीचं पुस्तक आहे. वेग दुप्पट झालाय. कशामुळे? माझ्या मौनामुळे. साधी गोष्ट आहे, पण इतकी वर्षं एकाही शिक्षणतज्ज्ञाच्या ध्यानात आली नाही.

६ ऑगस्ट
'मौन-अध्यापन : एक नवी दिशा'. नऊ प्रकरणं. आराखडा ती वाचत असतानाच मनात तयार करतो. वेळेचा सदुपयोग. आज सहावं प्रकरण झालं. बायको फक्त 'बरं' म्हणाली. हिला आनंद म्हणून होत नाही.

९ ऑगस्ट, दुपारी ४.३०
तपस्विनीने आज पान संपवलं आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, "उद्यापासून मी सुतारकाकांना वाचून दाखवीन. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

कारण विचारलं. (वाचन संपलं होतं, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.) उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने तिने सांगितलं. सुतारकाकांना पुढे काय झालं ते ऐकायचं असतं, म्हणून तिचं वाचन आपोआप भरभर होतं. मी ऐकणं आणि केवळ उत्सुकता यांतला फरक सांगायला लागलो. ती तोवर आत गेली होती.

जिन्यात सुतार भेटला. तीन दिवस दुसरीकडे कामाला होता, खांद्यावर पिशवी होती. मला थांबवून म्हणाला, दाराआडून ऐकत होतो ते होडी उलटली तिथपर्यंतच. जिवाला घोर लागलाय. तुम्ही तर रोज समोर बसता, त्या खलाशाचं पुढे काय झालं?

"वाचला," मी म्हटलं.

म्हातारा सुटल्यासारखा हसला आणि वर गेला. मी खालच्या पायरीवर चपला घालत होतो. वरून आधी त्याचा आवाज आला, मग तिचा. तिचा आवाज आता जिन्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतो.

खलाशी बुडाला, ती त्याला सांगत होती. परवाच. मी समोर बसलो होतो.